कोणी काढलं, कशासाठी काढलं

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी, शनिवारी दुपारी, बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि आसपासची शहरं कडकडीत बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने त्या रविवारी फेसबुकवर चार-पाच ओळी टाकल्या. माणसं रोज मरतात, म्हणून जग थांबत नाही. आजचा बंद आदरापोटी नाही, धास्तीपोटी आहे, असा त्यांचा आशय होता. शिवी नव्हती, धमकी नव्हती, कुणाच्या अंगावर धावून जायची चिथावणी नव्हती. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली.

पुढचं सगळं काही तासांत घडलं. शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. मुलीच्या काकांच्या दवाखान्यात जमाव घुसला आणि त्याने मोडतोड केली. मुलीने पोस्ट काढून टाकली, माफी मागितली, तरीही दोघींना अटक झाली. लिहिणारीला झाली, तशीच नुसती पसंती दर्शवणारीलाही झाली. प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या. देशभर ओरड झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, ज्या दंडाधिकाऱ्यांसमोर मुलींना उभं केलं होतं त्यांची बदली झाली आणि पुढे गुन्हाही बंद करण्यात आला.

या घटनेची आठवण निघाली की बोलणं अटकेपाशी थांबतं. मला त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती पोस्ट काढली कुणी? फेसबुकने काढली नव्हती. न्यायालयाने तसं सांगितलं नव्हतं. सरकारचा आदेश आला नव्हता. लिहिणारीने ती स्वतःच काढली, आणि भीतीने काढली. आपल्याकडे लिहिलेलं असं किती नाहीसं होतं याची नोंद कुठल्याच कंपनीच्या अहवालात सापडणार नाही, कारण कागदोपत्री तो प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय असतो.

समाजमाध्यमांवरच्या मजकुराच्या छाननीला ‘कंटेंट मॉडरेशन’ म्हणतात. तिच्याबद्दलचा वाद बहुतेक वेळा काय काढावं आणि काय ठेवावं याच रिंगणात फिरतो. या प्रकरणात मला दुसऱ्याच प्रश्नांवर जोर द्यायचा आहे. काढलं कुणी? कोणत्या नियमाखाली? लिहिणाऱ्याला ते कळवलं का? आणि निर्णय चुकला असेल तर त्याने दाद कुठे मागायची? भाषणस्वातंत्र्याचं रोजचं जगणं या प्रश्नांवर ठरतं. काढायच्या मजकुराची यादी कितीही शहाणपणाने केली, तरी ही उत्तरं नसतील तर ती यादी ज्याच्या हातात पडेल त्याच्या मर्जीने चालते.

पालघरच्या मुलींवर जी कलमं लावली, त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. हे कलम संसदेने डिसेंबर २००८ मध्ये मंजूर केलं. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याला तेव्हा महिनाही उलटला नव्हता. दुरुस्ती विधेयक फारशा चर्चेविना पार पडलं आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. संगणकावरून किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं हा त्याने गुन्हा ठरवला. खोटी असल्याचं ठाऊक असलेली माहिती कुणाला त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून वारंवार पाठवणं, हेही त्यात होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्यात कुठेच नव्हती. ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठरायची, आणि टेबलासमोर किती माणसं उभी आहेत यावर ठरायची. त्याच २०१२ साली, सप्टेंबरमध्ये, व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली होती. त्यांच्यावर राजद्रोहाबरोबर हेही कलम होतं.

पालघरनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ६६अ पूर्णपणे रद्द केलं. निकालपत्र नरिमन यांनी लिहिलं. त्यातली एक मांडणी प्रत्येक फोनधारकाने समजून घ्यावी इतकी उपयोगाची आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात: एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं, आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं बोलणं कितीही अप्रिय असलं तरी त्याला संरक्षण आहे. ते चिथावणीपर्यंत पोचलं, तरच राज्यसंस्थेला हात घालता येतो. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणावर बंधन घालण्याची कारणं मोजून आठ दिली आहेत. देशाची एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी ही त्यांतली काही. ‘कुणाला तरी त्रास झाला’ हे कारण त्यांत नाही. न्यायालयाने इंग्लंडमधले खटलेही तपासले. तिथल्या कायद्यात असेच शब्द होते आणि एकाच मजकुराबद्दल कसलेल्या न्यायाधीशांची मतं परस्परविरुद्ध पडली होती. न्यायाधीशांनाच जी रेषा दिसत नाही ती साध्या माणसाने लिहिण्यापूर्वी कशी ओळखावी, हा त्यामागचा विचार.

कलम रद्द झालं, पण पोलीस ठाण्यांतून ते गेलं नाही. ६६अ खाली नवे गुन्हे नोंदवले जातच आहेत, हे २०२१ मध्ये ‘पीयूसीएल’ या नागरी हक्कांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं. न्यायालयाने त्याबद्दल धक्का व्यक्त केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वतंत्र आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. मधल्या साडेसात वर्षांत ज्यांना ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्यांना त्या निकालाचा काय उपयोग झाला?

आता कंपन्यांकडे वळू. २००४ साली बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साइटवर कुणीतरी दोन शाळकरी मुलांची अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने ती जाहिरात हटवली, पण डिसेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक केली. या प्रकरणाने उद्योगजगत हादरलं. पुढे २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं: लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइट चालवणारा ‘मध्यस्थ’ जबाबदार नाही, मात्र बेकायदा मजकुराची खबर मिळाल्यावर त्याने तो काढला पाहिजे. चावडीच्या भिंतीवर कुणी चिठ्ठी चिकटवली म्हणून कोतवालाला धरायचं नाही. पण सांगितल्यावर त्याने ती काढली नाही, तर धरायचं. ऐकायला हे रास्त आहे. अडचण ‘खबर’ या शब्दात होती. खबर कुणी द्यायची? कुणीही? २०११ च्या नियमांनी जवळपास तसंच ठेवलं. कुणाचीही तक्रार आली की कंपनीने ३६ तासांत हालचाल करायची.

याचा परिणाम काय होतो, हे बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने त्याच वर्षी करून पाहिलं. त्यांच्या संशोधकाने सात कंपन्यांना मुद्दाम सदोष तक्रारी पाठवल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांत दम नव्हता. सातांपैकी सहा कंपन्यांनी मागितलं त्याहूनही जास्त मजकूर काढून टाकला. यात कंपनीचं काही चुकलं असं तिच्या वकिलाला वाटणार नाही. पोस्ट ठेवली तर खटल्याचा धोका, काढली तर धोका शून्य. एका अनोळखी माणसाच्या चार ओळींसाठी कुठलीही कंपनी कोर्टात उभी राहणार नाही. म्हणून कंपनीला न्यायाधीश केलं की चोर सोडून संन्याशाला फाशी ठरलेलीच असते. श्रेया सिंघल निकालाचा दुसरा भाग याच दुखण्यावर होता. लाखो तक्रारींपैकी खरी कुठली आणि खोटी कुठली हे ठरवायचं काम कंपनीवर टाकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना आली तरच ती ‘खबर’ मानायची, असा कलम ७९ चा अर्थ लावून दिला.

तरीही रोज जगभरात जो अफाट मजकूर निघतो, त्याचा फार मोठा भाग कोर्टाच्या किंवा सरकारच्या सांगण्यावरून निघत नाही. तो कंपन्यांच्या स्वतःच्या नियमावल्यांखाली निघतो. ते काम कसं चालतं, हे थोडं जवळून पाहू.

पहिली चाळणी पूर्ण यांत्रिक. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या ज्ञात चित्रांचे अंकीय ठसे साठवलेले असतात. चित्र अपलोड होताना ठसा जुळला की ते तिथेच अडतं. मायक्रोसॉफ्टने प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासोबत २००९ मध्ये तयार केलेलं ‘फोटोडीएनए’ हे या जातीचं तंत्र. इथे मतस्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही, आणि ही चाळणी नसावी असं मला कुणीही पटवू शकणार नाही. दुसरी चाळणी अंदाजाची. लाखो नमुने दाखवून शिकवलेला संगणक प्रत्येक पोस्टला ती द्वेषाची, हिंसेची, नग्नतेची असण्याची शक्यता जोडतो. ठरावीक मर्यादेपलीकडची पोस्ट आपोआप जाते, त्याखालची माणसापुढे रांगेत लागते. ती माणसं हैदराबाद, मनिला अशा शहरांत कंत्राटी कंपन्यांच्या पगारावर बसलेली असतात. पाळीभर त्यांच्यासमोर शिरच्छेद, आत्महत्या, अत्याचार येत राहतात. प्रत्येक पोस्टला काही सेकंद मिळतात आणि निर्णय किती अचूक होते यावर गुण मिळतात. या व्यवस्थेतली सगळ्यात हलाखीची नोकरी त्यांची आहे, आणि आपण काय वाचतो हे ठरवणारी शेवटची मानवी नजरही त्यांचीच आहे.

यंत्राला आकार दिसतो, संदर्भ दिसत नाही. व्हिएतनाम युद्धात नापाम बॉम्बने भाजलेली, विवस्त्र धावणारी ती लहान मुलगी, हे निक उट यांच्या नावाने जगाला माहीत असलेलं १९७२ चं छायाचित्र. २०१६ मध्ये फेसबुकने ते नग्नतेच्या नियमाखाली काढलं. नॉर्वेच्या ‘आफ्टनपोस्टेन’ या वृत्तपत्राने ते छापलं, त्याची पोस्ट काढली. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी टाकलं, त्यांचीही काढली. संपादकांनी पहिल्या पानावर जाहीर पत्र लिहिल्यावर कंपनीने माघार घेतली. २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. एक कारण होतं त्यांनी लावलेलं १९३६ च्या हॅम्बुर्गमधलं छायाचित्र. नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारं चित्र द्वेषाचं चित्र ठरलं. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पंतप्रधान, संपादक, ज्येष्ठ वकील यांना आवाज होता, म्हणून या चुका आपल्याला कळल्या.

आवाज नसलेल्याचं काय होतं, हे एका पंजाबी पोस्टवरून दिसतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भारतातल्या एका फेसबुक वापरकर्त्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर आणि सरकारवर टीका करणारी मुलाखत आणि त्याखाली स्वतःचा मजकूर टाकला. एका तक्रारीवरून ती ‘धोकादायक व्यक्ती आणि संघटना’ या नियमाखाली निघाली, खात्यावर निर्बंध आले. त्याने अपील केलं तेव्हा कोविडमुळे तपासायला माणसं नाहीत असं उत्तर मिळालं. फेसबुकने नेमलेल्या ‘ओव्हरसाइट बोर्ड’ने प्रकरण हातात घेतलं, तेव्हा कुठे कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत ठेवली. एप्रिल २०२१ च्या निर्णयात बोर्डाने आणखी एक गोष्ट नोंदवली: ज्या नियमावलीखाली पोस्ट काढली, ती पंजाबीत उपलब्धच नव्हती. ज्याला नियम वाचता येत नाही त्याने तो मोडला, असं कसं म्हणायचं?

आणि मराठी? २०१९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने फेसबुककडून माहिती काढली. द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारी त्यांची यंत्रणा भारतातल्या बावीस अधिकृत भाषांपैकी चारच भाषांत चालत होती: हिंदी, बंगाली, उर्दू आणि तमिळ. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली आहे. त्यांची भाषा त्या यादीत नव्हती.

भाषा न येणाऱ्या पहारेकऱ्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. ‘मेल्या, इतके दिवस होतास कुठे?’ हे मालवणात जिवाभावाचं बोलणं आहे, आणि मरणाचा उल्लेख हुडकणाऱ्या यंत्राला तो शाप वाटू शकतो. जातिवाचक अपशब्द आपल्याला कसा ऐकून घ्यावा लागला, हे सांगणाऱ्याला तो शब्द लिहावाच लागतो. तो उच्चारणारा आणि सोसणारा यंत्राला सारखेच दिसतात, आणि तक्रारींचा भडिमार झाला की पोस्ट सोसणाऱ्याची जाते. उलट ‘यांना आता गावात ठेवायचं नाही, रविवारी वेशीपाशी जमा’ या वाक्यात एकही शिवी नाही. ‘यांना’ म्हणजे कुणाला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कुठल्याही शब्दयादीला कळत नाही. त्यात आपण निम्मी मराठी रोमन लिपीत लिहितो आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं.

भाषा न कळण्याची किंमत म्यानमारने मोजली. जुलै २०१४ मध्ये मंडालेत एका बौद्ध स्त्रीवर मुस्लिम चहावाल्याने बलात्कार केल्याची खोटी बातमी फेसबुकवरून पसरली, दंगल उसळली, दोन माणसं मारली गेली. त्यानंतरही, २०१५ च्या सुरुवातीला, फेसबुकच्या मजकूर तपासणाऱ्यांत बर्मी येणारी माणसं फक्त दोन होती, असं रॉयटर्सने पुढे उघड केलं. रोहिंग्यांविरुद्धचा विखार त्याच भाषेत वाढत होता. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने फेसबुकच्या भूमिकेवर ठपका ठेवला, त्या ऑगस्टमध्ये कंपनीने लष्करप्रमुखांचं खातं बंद केलं आणि नोव्हेंबरमध्ये आपण पुरेसं काही केलं नाही, अशी कबुली दिली. तोवर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले होते.

म्हणून ‘काहीच काढू नका, बोलण्याला बोलण्यानेच उत्तर द्या’ हे म्हणणं मला पुरत नाही. ते म्हणणाऱ्याने हडपसरला उत्तर दिलं पाहिजे. २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रं फेसबुकवर आली, पुण्यात बस फोडल्या गेल्या, आणि २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

रेनपाड्यालाही उत्तर दिलं पाहिजे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे आदिवासी वस्तीचं गाव. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. जवळच पिंपळनेरला त्यांची पालं होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या काळात व्हॉट्सॲपवर देशभर फिरत होते. त्यांना कराचीतल्या एका जनजागृतीच्या चित्रफितीचा कापलेला तुकडा जोडलेला असे. मूळ चित्रफितीत मूल पळवणारा ते लगेच परत आणतो आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवतो. फिरवलेल्या तुकड्यात तेवढंच कापलं होतं. बाजारात हे पाच जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसले. गर्दीने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, आणि तिथे बंद खोलीत ते पाचही जण मारले गेले.

व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नाही. कंपनीलाही नाही. म्हणजे तिथे छाननी करणारा कुणी असूच शकत नव्हता. मग कंपनीने काय केलं? पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली. त्याच जुलैमध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा आली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यात एकाही माणसाचं बोलणं पुसलं गेलं नाही, कुणाचा संदेश कुणी उघडून वाचला नाही. फक्त पसरण्याचा वेग कमी झाला. मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो. स्वातंत्र्य बोलण्याचं आहे. एका बोटाने शेकडो गटांत ढकलण्याची सोय कंपनीने दिलेली होती, आणि ती कंपनीने मर्यादित केली म्हणून माझ्या कुठल्याही हक्काला धक्का लागत नाही. समाजमाध्यमांच्या भांडणात पोस्ट काढण्यावर जेवढी शक्ती जाते, तिच्या निम्मी जरी पसरवण्याच्या यंत्रणेवर खर्च झाली, तर काढण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही.

राहिला सरकारचा हात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर रोखण्याचा आदेश देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम कायम ठेवलं, कारण आदेशाची कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्यांना आव्हान देता येतं. पण याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांत सगळी कार्यवाही गोपनीय ठेवायचं बंधन आहे. कारणं लिहिली जातात, मात्र ज्याची पोस्ट गेली त्याच्या हाती ती क्वचितच पडतात. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, शेतकरी आंदोलनाच्या काळात, ‘द कॅरॅव्हान’ मासिकाचं ट्विटर खातं भारतात दिसेनासं झालं. पुढे ट्विटरने असे काही आदेश कर्नाटक उच्च न्यायालयात नेले, तर जून २०२३ मध्ये याचिका फेटाळून कंपनीलाच ५० लाख रुपयांचा दंड झाला.

इथे मुंबई उच्च न्यायालयातलं १९०८ सालचं एक प्रकरण आठवावं असं आहे. ‘केसरी’तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्या. दावर यांनी सहा वर्षं हद्दपारी सुनावली. निकाल अन्यायाचा होता, कायदा परक्या सत्तेचा होता. तरी कोणत्या लेखांवर आक्षेप आहे आणि कोणतं कलम लावलं आहे, हे भर कोर्टात सांगावं लागलं. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः आपली बाजू मांडली, आणि ते भाषण आजही वाचायला मिळतं. गोपनीय आदेशाला असं उत्तर देता येत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला आरोपच ठाऊक नसतो.

त्याच उच्च न्यायालयाने अलीकडे एक मोठं काम केलं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला: केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर ‘खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा’ आहे का, हे सरकारचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवेल. असा शिक्का बसलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीचं कलम ७९ चं संरक्षण धोक्यात. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी याला आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला: न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. सरकार आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होत आहे आणि वापरकर्त्याच्या हक्कासाठी स्वतःचं संरक्षण पणाला लावणारी कंपनी मिळणार नाही, यावर पटेल यांनी बोट ठेवलं होतं. मार्चमध्ये सरकारने कक्ष अधिसूचित केला, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदुरकर यांच्यापुढे प्रकरण गेलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. ‘खोटा, बनावट, दिशाभूल करणारा’ हे शब्द त्यांना मोघम वाटले. ६६अ ज्या दुखण्याने गेलं, तेच हे दुखणं.

आणि वर्षभरात वारं पुन्हा फिरलं. कलम ७९ च्याच आधारे मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना धाडण्यासाठी गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ नावाचं पोर्टल उभं केलं आहे. त्यावरून निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी थेट सूचना पाठवू शकतात. ६९अ ची लेखी कारणांची अट तिथे तेव्हा लागू होत नव्हती, म्हणून ‘एक्स’ (पूर्वीचं ट्विटर) कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. एम. नागप्रसन्ना यांनी ती याचिका फेटाळली. माझ्या मते हा निर्णय श्रेया सिंघल निकालाच्या गाभ्यापासून दूर जातो. अधिकाऱ्यांना सूचनेचा अधिकार आणि कंपनीला नकाराची भीती, हे दोन्ही एकत्र आले की लिहिणारा चित्रात उरतच नाही.

आज मराठीत लिहिणाऱ्याची पोस्ट निघाली तर त्याच्या हाती काय आहे? २०२१ च्या नियमांनी कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवायला लावलं आहे. चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय, अशी सर्वसाधारण मुदत २०२१ च्या मूळ नियमांत होती. कंपनीचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. समिती सरकारने नेमलेली आहे, ही तिची मोठी उणीव. तरी लोकांनी हा मार्ग वापरावा, कारण न मागितलेली कारणं कुणी देत नाही. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने नियमावली आठव्या अनुसूचीतल्या भाषांतून उपलब्ध करणंही कंपन्यांना बंधनकारक केलं, म्हणजे मराठीतूनही.

मात्र ती नियमावली लावणाऱ्याला मराठी येतं का, हे विचारायची सोय आपल्या कायद्यात नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना एक साधी सक्ती केली आहे: संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी छाननीला किती माणसं आहेत, त्यांची पात्रता काय, हे ठरावीक काळाने जाहीर करायचं. माल्टी ही जेमतेम पाच लाख लोकांची भाषा, तिचाही आकडा द्यावा लागतो. आपल्याकडे मोठ्या कंपन्या दरमहा अनुपालन अहवाल काढतात. किती तक्रारी आल्या, किती दुवे काढले, हे त्यात असतं. भाषेचा रकाना नसतो. तो रकाना घालायला संसदेत नवा कायदा लागत नाही, केंद्राने नियमात एक ओळ वाढवली तरी पुरतं. महाराष्ट्रातल्या खासदारांनी, मराठीसाठी झटणाऱ्या संस्थांनी आणि मराठी वृत्तपत्रांनी ही एक ओळ मागून घ्यावी: मराठी मजकूर तपासणारी माणसं किती, त्यांनी काढलेल्या पोस्ट किती, आणि अपिलात परत आलेल्या किती.